वाफ घेतल्यावर दम वाढतो तेव्हा: नेब्युलायझरच्या औषधातील प्रिझर्व्हेटिव्ह कसे तपासावे

नेब्युलायझरची, म्हणजे औषधाचे सूक्ष्म तुषार करणाऱ्या मशीनची, वाफ घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत छाती मोकळी व्हावी, अशी साधी अपेक्षा असते. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र वाफ सुरू होताच खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी होते, घरघर वाढते. आणि घरातली माणसे औषध कमी पडले असे समजून तेच औषध पुन्हा मशीनमध्ये घालतात. हे एखाद्या वेळी घडले तर त्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे, पण वारंवार घडत असेल तर औषधाबरोबर श्वासनलिकेत आणखी काय जात आहे, हे पाहायला हवे. एकदा उघडलेली बाटली अनेक दिवस वापरता यावी म्हणून तिच्यात घातलेले प्रिझर्व्हेटिव्ह हे त्यामागचे एक कारण असू शकते. ते सर्वांत जास्त आढळणारे कारण नाही. पण ते शोधणे सोपे आहे, टाळणे त्याहून सोपे आहे, आणि तरीही त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी गोव्यातल्या म्हापशात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. माझ्या सासूबाई साखळीला राहतात. वय ७४, दमा जुना. मृग लागला की भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते आणि त्यांचा श्वास बिघडतो, हे आम्ही गृहीतच धरले होते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मात्र त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, वाफ घेतली की पहिल्यांदा जरा बरं वाटतं, पण तिसऱ्या खेपेला छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं." मी त्यांना म्हटले, "आई, मशीन जुनं झालंय, आपण नवीन घेऊया." नवीन मशीन आले, मास्क बदलला, खोलीला रंग दिला. काहीच फरक पडला नाही. एका रात्री त्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि तिथे घरचीच साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम ही श्वासनलिका रुंदावणारी दोन औषधे, त्यांची वाफ वीस-वीस मिनिटांच्या अंतराने तीन वेळा दिल्यावर त्या शांत झोपल्या. घरी आल्यानंतर चौथ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले.

औषध तेच, मात्रा तीच, माणूसही तेच. मग फरक कुठे पडत होता? रुग्णालयातल्या खाटेजवळच्या ट्रेमध्ये पडलेल्या, टोक पिळून तोडलेल्या प्लास्टिकच्या लहान कुप्या मला तेव्हा आठवल्या. घरी आम्ही ड्रॉपरची बाटली वापरत होतो. दुकानात रोज हाताळली जाणारी ती बाटली मी त्या दिवशी पहिल्यांदाच उजेडात धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून तिच्यात बेंझाल्कोनियम क्लोराइड घातलेले आहे.

पुढचे सगळे वाचण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. रुग्णाला दम लागलेला असताना बाटलीचे लेबल वाचत बसू नये. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९२च्या खाली असेल किंवा वाफेनंतरही श्वास सुधारत नसेल, तर १०८ला फोन करावा आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथे पोहोचावे. त्या क्षणी घरात फक्त प्रिझर्व्हेटिव्ह असलेलीच बाटली असेल, तर मदत येईपर्यंत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत तेच औषध देणे हे काहीच न देण्यापेक्षा चांगले. वाफ घेऊनही दम वाढत जाण्याचे सर्वांत मोठे कारण दम्याचा झटकाच तीव्र असणे हे असते, आणि वयस्कर माणसांमध्ये हृदयाचा त्रासही अगदी असाच दिसतो. प्रिझर्व्हेटिव्हचा संशय हे रुग्णालय टाळण्याचे निमित्त होता कामा नये.

आता त्या घटकाविषयी. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक आहे. डोळ्यांच्या आणि नाकाच्या अनेक थेंबांत ते असते, फरशी पुसण्याच्या कित्येक द्रावणांतही असते. बाटलीत ड्रॉपर रोज आत-बाहेर होतो, त्याबरोबर जंतू आत जातात आणि ते वाढू नयेत म्हणून ते औषधात घालतात. हेतू चांगलाच आहे. परंतु दमा असलेल्या माणसाची श्वासनलिका मुळातच हळवी असते, आणि हे द्रव्य सूक्ष्म तुषारांतून तिच्यावर पडले की काही रुग्णांमध्ये ती आकुंचन पावते. ही नेहमीच्या अर्थाची अॅलर्जी नव्हे. या द्रव्यामुळे श्वासनलिकेतल्या मास्ट पेशी (अॅलर्जीतही भाग घेणाऱ्या संरक्षक पेशी) हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि तिथल्या चेतातंतूंनाही चिथावणी मिळते, असा याचा खुलासा केला जातो. त्यामुळे पूर्वी कधीही अॅलर्जी नसलेल्या माणसालाही हा त्रास होऊ शकतो. परिणाम मात्रेवर अवलंबून असतो, आणि सासूबाईंचे "तिसऱ्या खेपेला" हे शब्द म्हणूनच मला नंतर फार मोलाचे वाटले.

मात्रेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. या घटकाचे प्रमाण ०.०१ टक्के असेल, तर एका मिलिलिटरमध्ये तो १०० मायक्रोग्रॅम असतो. साल्ब्युटामॉलचे ड्रॉपरच्या बाटलीतले द्रावण साधारणपणे मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम इतके तीव्र असते, म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या मात्रेसाठी अर्धा मिलिलिटर पुरतो आणि त्याबरोबर ५० मायक्रोग्रॅम बेंझाल्कोनियम मशीनच्या कपात पडते. इप्राट्रोपियमची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बाटलीतले द्रावण मिलिलिटरला २५० मायक्रोग्रॅम असे मिळते, प्रौढांसाठी ५०० मायक्रोग्रॅमची मात्रा लिहिलेली असते, म्हणून दोन मिलिलिटर घ्यावे लागतात. आणि तेवढ्याच टक्केवारीने एका खेपेला २०० मायक्रोग्रॅम प्रिझर्व्हेटिव्ह कपात जाते. दोन्ही औषधे एकत्र आणि तासाभरात तीन वेळा दिली, तर बेरीज ७५० मायक्रोग्रॅमवर जाते. कपातले सगळे काही फुप्फुसात पोहोचत नाही, बरेचसे मशीनमध्ये आणि हवेत राहते. तरीही एका खेपेत न जाणवणारी गोष्ट तीन खेपांत का जाणवते, हे या बेरजेतून कळते.

दुसरी बाब अशी की साल्ब्युटामॉल स्वतः श्वासनलिका वेगाने रुंदावते, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हचा परिणाम त्याच्याआड झाकला जातो आणि रुग्णाला फक्त "औषध पूर्वीसारखे लागू पडत नाही" असे वाटते. इप्राट्रोपियमचा गुण यायला जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच्या बाबतीत हा उलटा परिणाम अधिक उघडपणे दिसतो. विलायतेत साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी याच औषधाच्या नेब्युलायझर द्रावणाचा अभ्यास केला होता. १९८४ साली त्यांनी दाखवले की द्रावण शरीरातल्या द्रवापेक्षा पातळ असल्यामुळे काही दमेकऱ्यांची श्वासनलिका आकसत होती. १९८७ साली त्यांनीच पुढे दाखवले की त्या द्रावणातली बेंझाल्कोनियम क्लोराइड आणि ईडीटीए ही टिकाऊपणासाठीची द्रव्येही तोच परिणाम करू शकतात. म्हणजे हा विषय चाळीस वर्षांपूर्वीचा आहे, तरी आमच्या काउंटरवर आजही "साल्ब्युटामॉल अर्धा मिली, एनएस अडीच मिली" (एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन) अशी चिठ्ठी येते आणि बाटली द्यायची की कुपी, हे बहुधा किमतीवरून ठरते.

बाटलीवर संशय घेण्याआधी घरातल्या काही गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण त्या अधिक वेळा सापडतात. मशीनचा कप उघडून उजेडात पाहावा. सासूबाईंच्या कपाच्या कडेला मिठासारखा पांढरा थर बसलेला होता आणि आतल्या बारीक छिद्रावरही तो चढला होता. प्रत्येक वापरानंतर कप कोमट पाण्याने धुवायचा, झटकायचा आणि स्वच्छ कापडावर उघडा वाळवायचा असतो. जुलै महिन्यात गोव्यात काहीच वाळत नाही, म्हणून तो पंख्याखाली ठेवावा, ओला कप पिशवीत घालू नये. जंतुनाशकात बुडवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. बुडवून नंतर नीट खळबळले नाही, तर पुढच्या वाफेबरोबर तेच जंतुनाशक छातीत जाते. वाफ सुरू असताना त्याच खोलीत फरशी पुसण्याचे वासाचे द्रावण वापरले जात आहे का, हेही पाहावे. आमच्याकडे कामवाल्या बाई सकाळी अगदी त्याच वेळेला फरशी पुसत असत, आणि हे लक्षात यायला आम्हांला कितीतरी महिने लागले.

औषध कशात मिसळले जाते, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. मिसळायला ०.९ टक्क्यांचे सलाईनच हवे. काही घरांत बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर किंवा उकळून गार केलेले पाणी वापरतात, असे मी ऐकले आहे. असे पातळ पाणी दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकते, आणि १९८४च्या त्या अभ्यासाचा मुद्दा नेमका हाच होता. उलट, कफ सुटावा म्हणून दिलेले ३ टक्क्यांचे तीव्र सलाईनही तोच त्रास करू शकते. सलाईनची मोठी बाटली एकदा टोचून आठवडाभर वापरू नये, कारण तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसते आणि जंतू वाढतात. कफ पातळ करणाऱ्या अॅसिटिलसिस्टीनची वाफ दिली जात असेल, तर ते औषध स्वतःच श्वासनलिका आकसवू शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

एवढे सगळे ठीक असूनही त्रास चालूच राहिला, तर बाटलीचे लेबल आणि आतला कागद वाचावा. बेंझाल्कोनियम क्लोराइड किंवा त्याचे लघुरूप बीकेसी, ईडीटीए किंवा एडेटेट, सोडियम मेटाबायसल्फाइट ही नावे शोधावीत. ईडीटीएच्या बाबतीत एक खुलासा करते: ब्युडेसोनाइड या श्वासनलिकेची सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या काही कुप्यांमध्येही ते असते, पण प्रमाण इतके कमी असते की बहुतेक रुग्णांना त्याचा त्रास होत नाही, म्हणून केवळ नाव वाचून ते औषध बंद करू नये. दम्यात ब्युडेसोनाइड अचानक थांबवणे हा मोठा धोका आहे.

यापुढची पायरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. संशय खरा आहे का हे पाहण्यासाठी मुद्दाम बाटलीतले औषध देऊन त्रास होतो का, असे घरी करून पाहू नये. ती चाचणी घरात करण्याची नाही. सुरक्षित मार्ग असा की साल्ब्युटामॉल किंवा त्याचेच जवळचे रूप असलेले लेवोसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम यांच्या प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एका वेळेपुरत्या कुप्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात, बाकी काहीही बदलू नये आणि दोन-तीन आठवडे नोंदी ठेवाव्यात. पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग मिनिटाला लिटरमध्ये दाखवणारी नळी, फार महाग नसतो. वाफेपूर्वी तीन वेळा फुंकून त्यांतला सर्वांत मोठा आकडा लिहायचा, वाफ संपल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तसेच करायचे, आणि पुढच्या रकान्यात बाटली की कुपी, कितवी खेप आणि खोकला आला का, एवढे लिहायचे. आमच्या वहीत बाटलीच्या दिवसांतली एक नोंद अशी आहे: आधी २१०, तिसऱ्या खेपेनंतर १७०. कुपी सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यातली नोंद: आधी २१०, नंतर २६०. एका नोंदीवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण अशी चार पाने भरली तेव्हा डॉक्टरांनी ती वही पाहून बाटली कायमची बंद केली.

बाटलीवरून कुपीवर येताना होणारी चूक फार गंभीर असू शकते, म्हणून तिच्याविषयी जास्त लिहिते. बाटलीतले द्रावण तीव्र असते आणि ते सलाईनमध्ये मिसळावे लागते. कुपीतले औषध बहुधा आधीच मिसळलेले असते, साल्ब्युटामॉलच्या २.५ मिलिग्रॅमच्या कुपीत अडीच ते तीन मिलिलिटर द्रव असतो आणि तो सगळा कपात ओतायचा असतो. "अर्धा मिली" या जुन्या सवयीने कुपीतले अर्धा मिलिलिटर औषध घेतले, तर मात्रा पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरते आणि झटका आवरत नाही. याच्या उलट, कुपीची सवय झालेल्या घरात कधी बाटली आली आणि तिच्यातले अडीच मिलिलिटर तसेच ओतले, तर १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे पाचपट औषध जाते. हात थरथरतात, छाती धडधडते, वयस्कर माणसाला ते झेपत नाही. म्हणून मिलिलिटरवर विसंबू नये, प्रत्येक वेळी मिलिग्रॅम वाचावेत. मी आता कुपी देताना पाकिटावर पेनाने "पूर्ण कुपी, पाणी घालू नये" असे लिहून देते.

कुपी उघडल्यावर उरलेले औषध टाकून द्यावे लागते. लहान मुलांना अर्धी मात्रा लिहिलेली असते तेव्हा उरलेली अर्धी कुपी फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी वापरण्याचा मोह होतो, आणि पैशांचा विचार करता तो मला समजतो. पण जे द्रव्य नको म्हणून आपण कुपी घेतली, तेच जंतूंना अडवणारे द्रव्य तिच्यात नसते. उघडी कुपी म्हणजे जंतूंना मोकळे रान. लेवोसाल्ब्युटामॉलच्या कुप्या वेगवेगळ्या मात्रांत मिळतात, त्यामुळे मुलाच्या मात्रेएवढी कुपी मिळते का, हे आधी विचारावे.

खर्च परवडत नसेल, किंवा पावसाळ्यात वीज जाऊन मशीन बंद पडत असेल, तर पंप (इनहेलर) आणि स्पेसर, म्हणजे त्याला जोडायची पोकळ नळी, हा पर्याय डॉक्टरांपुढे मांडावा. आपल्याकडे पंपाला वाफेपेक्षा दुय्यम मानतात, पण सौम्य आणि मध्यम झटक्यांत स्पेसरमधून नीट घेतलेला पंप नेब्युलायझरइतकाच लागू पडतो. दाबायच्या पंपाचा डबा बंद असतो, त्यात ड्रॉपर जात नाही, म्हणून त्याला बेंझाल्कोनियमची गरज पडत नाही. स्पेसर भांड्यांच्या साबणाच्या थेंबभर पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यावा. कापडाने आतून पुसला तर स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीलाच चिकटते. पंपामुळेही क्वचित उलटा परिणाम होऊ शकतो, विशेषतः नवीन डब्याच्या पहिल्या वापरात. तसे झाले तर तो पंप थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे.

सल्फाइटची गोष्ट थोडी निराळी आहे. सोडियम मेटाबायसल्फाइटमधून ओलसर श्वासमार्गात सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि काही थोड्या दमेकऱ्यांना तो सोसत नाही. आजच्या साल्ब्युटामॉलच्या वाफेत सल्फाइट सहसा नसते, पण अॅड्रेनालिनच्या इंजेक्शनांत असते, आणि लहान मुलांच्या क्रूपसारख्या, घशाला सूज येणाऱ्या आजारात अॅड्रेनालिनचीच वाफ दिली जाते. वाईन प्यायल्यावर, जर्दाळूंसारखा सुका मेवा खाल्ल्यावर किंवा रंग काळवंडू नये म्हणून सल्फाइट लावलेली गोठवलेली सुंगटे (कोळंबी) खाल्ल्यावर दम लागत असेल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगावे. मात्र जीवघेण्या अॅलर्जीत अॅड्रेनालिनचे इंजेक्शन सल्फाइटच्या भीतीने कधीही नाकारू नये.

सासूबाईंच्या मशीनच्या पेटीत आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: "बेंझाल्कोनियम असलेली वाफ सोसत नाही. बिनप्रिझर्व्हेटिव्हची कुपी द्यावी. साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम दोन्ही औषधे चालतात." शेवटचे वाक्य मी मुद्दाम घातले, कारण कागदपत्रांवर एकदा "साल्ब्युटामॉलची अॅलर्जी" असे चुकीचे लिहिले गेले, तर पुढच्या झटक्यात सर्वांत गरजेचे औषधच त्यांना मिळणार नाही.

असा त्रास झाल्यास त्याची नोंद सरकारदरबारी करता येते आणि ती रुग्ण स्वतः करू शकतो. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फोन करण्यापूर्वी औषधाचे नाव, ते कोणत्या आजारासाठी दिले होते, वाफ कधी घेतली, त्रास किती मिनिटांत सुरू झाला, किती वेळ टिकला आणि औषध बदलल्यावर काय झाले, एवढे कागदावर लिहून ठेवावे. रिकामी झाली तरी ती बाटली तोवर टाकू नये, कारण तिचा बॅच क्रमांक विचारला जातो आणि चिठ्ठीवर तो नसतो.